शमुवेल, सॅम्युअल, सामाजी : एका हिब्रू नावाचा अर्थ, लेखन आणि माणसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबात मुलगा झाला आहे. घरातल्या जुन्या वहीत खापरपणजोबांचे नाव ‘सामाजी’ असे आहे, म्हणून बाळाचे नाव सॅम्युअल ठेवायचे ठरले. आता अडले आहे ते अर्थावर. एका संकेतस्थळावर ‘देवाने ऐकले’ असा अर्थ दिला आहे, दुसऱ्यावर ‘देवाकडून मागून घेतलेला’, तिसऱ्यावर ‘देवाचे नाव’. खरा कोणता? मराठीत सॅम्युअल लिहावे की शमुवेल? आणि या नावाची कोणती माणसे होऊन गेली?

आधी अक्षरे पाहू, कारण अर्थाचा सगळा घोळ तिथेच सुटतो. हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचे आहे: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. उजवीकडून डावीकडे याच क्रमाने. वाव इथे ‘ऊ’ स्वराचे काम करते, त्याचा ‘व’ असा उच्चार होत नाही. आलेफला स्वतःचा आवाज नाही, पण ते ‘ऊ’ आणि ‘ए’ यांना एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणून आजच्या इस्राएलमधला उच्चार ‘श्मू-एल’, आघात शेवटच्या ‘एल’वर. मराठी बायबलमधल्या ‘शमुवेल’मधला ‘व’ हा ‘उ’नंतर ‘ए’ म्हणताना आपल्या जिभेवर आपोआप येतो तो. चूक म्हणण्यासारखे त्यात काही नाही. फक्त शेवटचा तुकडा ‘वेल’ नसून ‘एल’ आहे, हे ध्यानात असू द्यावे, कारण अर्थ त्या ‘एल’मध्येच आहे. ‘एल’ म्हणजे देव. दानिएल, मीखाएल, गाब्रिएल, इस्राएल, सगळ्यांच्या शेपटाला तोच.

उरला ‘श्मू’. इथे तीन वाटा फुटतात.

सर्वांत जास्त छापला जाणारा अर्थ म्हणजे ‘देवाने ऐकले’. ऐकणे या अर्थाचा हिब्रू धातू ‘शामा’. त्याची अक्षरे शीन, मेम, आयिन. ऐकायला जुळते, पण लिहायला जुळत नाही, कारण शमुवेलच्या नावात आयिन नाहीच. आयिन हे घशातून येणारे पूर्ण व्यंजन आहे आणि जुन्या हिब्रूत ते सहजासहजी गळत नसे. याच धातूपासून झालेली इतर नावे पाहा. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’, त्यात आयिन आहे. शमाया म्हणजे ‘याहने (देवाने) ऐकले’, त्यात आहे. एलिशामा, त्यातही आहे. शिमोन या नावाचा संबंध बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात ऐकण्याशीच जोडला आहे, तिथेही आयिन शाबूत. मग एकट्या शमुवेलमधूनच ते कुठे गेले? याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही, म्हणून हा अर्थ लोकप्रिय असला तरी कच्चा आहे. या समजुतीतून एक व्यावहारिक चूकही होते: ‘ऐकले’ डोक्यात धरून लोक कागदावर नाव आयिन घालून लिहितात. नावाची हिब्रू पाटी, पदक किंवा केकवरची अक्षरे करून घेताना आलेफच्या जागी आयिन आले नाही ना, एवढे आवर्जून तपासा.

दुसरा अर्थ थेट बायबलमधला आहे. १ शमुवेल १:२० मध्ये हन्ना मुलाचे नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते की त्याला मी परमेश्वरापासून मागितले. ही गोष्ट मराठी घराला समजावून सांगावी लागत नाही. मूल होत नाही म्हणून सवतीची बोलणी खाणारी बाई शिलोच्या देवस्थानात जाऊन नवस बोलते: मुलगा दे, तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. ओठ हलतात पण आवाज येत नाही, म्हणून एली याजकाला ती प्यालेली वाटते. मुलगा होतो, दूध सुटल्यावर ती त्याला देवस्थानात नेऊन सोडते आणि मग वर्षाला एक छोटा झगा शिवून नेते. आपल्याकडे नवसाच्या मुलाला नवसाजी म्हणत, तशातलेच हे नामकरण.

पण मागणे या अर्थाचा धातू आहे ‘शाआल’: शीन, आलेफ, लामेद. त्याचे ‘मागितलेला’ असे सरळ रूप होते ‘शाऊल’. म्हणजे शमुवेलने ज्याला पुढे इस्राएलचा पहिला राजा म्हणून अभिषेक केला, त्या शौल राजाचे नाव! आणि ही नुसती ओढाताण नव्हे. त्या अध्यायात हा धातू पुन्हा पुन्हा येतो आणि २८व्या वचनात हन्ना मुलाला ‘परमेश्वराला दिलेला’ म्हणते, तेव्हा मूळ हिब्रूत अक्षरशः ‘शाऊल’ हाच शब्द आहे. भाषांतरात हे दिसत नाही. यावरून काही अभ्यासकांनी तर्क केला की जन्मकथा आधी शौलाची असावी आणि नंतर शमुवेलला जोडली गेली. इतरांचे म्हणणे असे की लेखकाने पुढच्या राजाची चाहूल मुद्दाम पेरली आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. शमुवेलच्या पाच अक्षरांतून मेम आणि वाव काढा, शीन-आलेफ-लामेद हीच तीन क्रमाने उरतात. अक्षरांवर इतका जीव असलेल्या लेखकाला हा खेळ सुचला नसेल, हे पटत नाही. मध्ययुगीन भाष्यकारांनी याच धाग्याने ‘शाऊल मे-एल’, म्हणजे ‘देवापासून मागितलेला’, याचे ते आखडलेले रूप आहे असे सांगितले. व्याकरण म्हणून हे चालत नाही, कथा म्हणून मात्र फार सुंदर चालते.

व्याकरणाने टिकणारा अर्थ तिसरा. ‘शेम’ म्हणजे नाव. ‘शेम’ अधिक ‘एल’, मध्ये जोडणारा ‘ऊ’. हा ‘ऊ’ कुठून आला? जुन्या सेमिटिक भाषांत नामाच्या शेवटी असणारा प्रत्यय काही विशेषनामांत अडकून राहिला, त्याचा तो अवशेष मानतात. याचे दुसरे उदाहरण उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात हाताशीच आहे. याकोब ज्या जागी रात्रभर झुंजतो तिचे नाव एका वचनात ‘पनीएल’ आणि लगेच पुढच्या वचनात ‘पनूएल’, अर्थ एकच, ‘देवाचे मुख’. बथुवेल या नावातही तोच ‘ऊ’ दिसतो. तेव्हा शमुवेल म्हणजे ‘देवाचे नाव’. यात देवाचे नाव धारण करणारा, देवाच्या नावाने ओळखला जाणारा, अशी छटा आहे. ९९व्या स्तोत्रात मोशे आणि अहरोन यांच्याबरोबर शमुवेलचा उल्लेख ‘त्याचे नाव घेणाऱ्यांमध्ये’ असा येतो. हिब्रूत तिथे ‘शमुएल’ आणि ‘शमो’, त्याचे नाव, हे दोन शब्द जवळजवळ येतात आणि कानाला खूण पटते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बायबलमध्ये शमुवेल एकटा नाही. गणना ३४:२० मध्ये शिमोनाच्या वंशातला अम्मीहूदाचा मुलगा शमुवेल आहे आणि १ इतिहास ७:२ मध्ये इस्साखाराच्या वंशातला आणखी एक. त्यांच्यापैकी कोणाच्या आईने नवस केल्याची कथा नाही. म्हणजे नाव प्रचारातले होते आणि हन्नाच्या गोष्टीने त्याला एक खास अर्थ जोडला. तेव्हा कोणी विचारले तर शब्दाचा अर्थ ‘देवाचे नाव’ आणि कथेतला अर्थ ‘देवापासून मागून घेतलेला’ असे दोन्ही सांगा, फक्त एकमेकांत कालवू नका.

‘श’चा ‘स’ कसा झाला, हेही विचारले जाते. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनीच नाही. हिब्रू बायबल ग्रीकमध्ये उतरवताना शमुएलचा ‘सामुएल’ झाला, तिथून लॅटिन आणि तिथून युरोपभर. इंग्रजीतला सॅम्युअल हा त्याचाच वंशज. पूर्व युरोपातल्या यिद्दिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्यांनी ‘श’ टिकवला आणि लाडाने ‘श्मेल्के’ केले. इस्राएलमध्ये आज घरोघर ‘श्मुलिक’ ऐकू येतो. आर्मेनियात सामवेल, फिनलंडमध्ये सामुली. अरबीत जुने रूप ‘समौअल’. इस्लामपूर्व काळातला समौअल इब्न आदिया हा ज्यू कवी दिलेल्या शब्दाला इतका जागला की अरबीत ‘समौअलपेक्षा इमानी’ अशी म्हणच पडली.

आणि कोकणात सामाजी. बेने इस्राएलांनी आपल्या नावांना गावच्या चालीने ‘जी’ लावले: मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी, शमुएलचा सामाजी. आडनाव गावावरून ‘कर’ लावून. याचे सर्वांत ठळक उदाहरण तुमच्याच नावाचे आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल एझिकेल दिवेकर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते हुद्द्यावर होते. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले आणि ज्यू म्हणून त्यांचा जीव वाचला, असे समाजात सांगितले जाते. ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी. नोंद पक्की आहे ती पुढची: १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. ‘शाआर हारहामीम’, दयेचे द्वार. बेने इस्राएल मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणत, म्हणून ही ‘जुनी मशीद’. १८६० मध्ये ते थोडे हलवून आजच्या जागी आले. तिथल्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव दिवेकरांवरून मिळाले. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नावही या मशिदीवरून पडल्याचे सांगतात. रोज लोकलच्या उद्घोषणेत ते ऐकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

इतर शमुएलांत माझ्या मते सर्वांत मोठा माणूस सामान्य याद्यांत सापडत नाही. बाबिलोनियातल्या (आजच्या इराकमधल्या) नेहार्देआ गावचा मार श्मुएल, इसवी सनाचे तिसरे शतक. ‘राज्याचा कायदा हा कायदाच’ हे तत्त्व त्याचे. परमुलखात राहणाऱ्या ज्यूंनी तिथल्या सरकारचे दिवाणी कायदे मानावेत की नाही, याचा निकाल अजून याच वाक्याने लागतो. तो ज्योतिर्विदही होता. आकाशातल्या वाटा मला नेहार्देआच्या गल्ल्यांइतक्या ओळखीच्या आहेत, असे तो म्हणे. त्याच्या नावाने चालणाऱ्या गणितात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे. ५२ आठवडे पूर्ण होऊन वर सव्वा दिवस उरतो, आणि २८ वर्षांत सव्वा दिवसांचे ३५ दिवस, म्हणजे बरोबर पाच आठवडे होतात, आणि सूर्याचे चक्र पुन्हा त्याच वारी, त्याच वेळी सुरू होते. म्हणून सूर्यासाठीची आशीर्वादाची प्रार्थना दर २८ वर्षांनी एकदाच होते, ती मागे ८ एप्रिल २००९ रोजी झाली, पुढची ८ एप्रिल २०३७ रोजी येईल. इस्राएलबाहेर पावसाची मागणी प्रार्थनेत कधी सुरू करायची, तेही याच गणिताने ठरते: ४ डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि पुढचे वर्ष लीप असेल तर ५ डिसेंबरच्या. खरे सौरवर्ष ३६५ दिवस ६ तासांपेक्षा किंचित कमी असल्यामुळे ही तारीख हळूहळू पुढे सरकते, २१०० नंतर ती एक दिवसाने पुढे जाईल. बाबिलोनियातल्या शेतीला तो पाऊस हवा असे. मोहोर धरायच्या दिवसांत डिसेंबरात पाऊस मागणारा बागाईतदार आपल्या कोकणात मात्र शोधून सापडायचा नाही.

त्यानंतर श्मुएल हानागीद. ९९३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात जन्म, पुढे ग्रानादाच्या मुसलमान राजाचा वजीर आणि १०५६ मध्ये मृत्यू. फौजेबरोबर मोहिमांवर जायचा आणि तिथून हिब्रूत कविता लिहायचा. एका हाती दौत, दुसऱ्या हाती कारभार, असा माणूस मराठी वाचकाला परका वाटू नये. रशी या थोर भाष्यकाराचा नातू शमुएल बेन मेईर यानेही बाराव्या शतकात नाव कमावले. आजोबांच्या स्पष्टीकरणातली कथा-दंतकथा बाजूला सारून वचनाचा साधा अर्थ लावण्यावर त्याचा भर होता. अर्वाचीन काळात श्मुएल योसेफ अग्नोन. जन्म १८८८, आजच्या युक्रेनमधल्या बुचाच गावी, मूळ आडनाव चाचकेस. १९६६ चे साहित्याचे नोबेल त्यांना नेली साख्स यांच्यासह मिळाले. इस्राएलच्या ५० शेकेलच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.

ख्रिस्ती जगात हे नाव पसरले ते मुख्यतः प्रोटेस्टंट पंथामुळे. संतांची नावे टाळून जुन्या करारातली नावे उचलण्याची तिथे चाल पडली. क्यूबेक वसवणारा (१६०८) साम्युएल द शांप्लेन जन्माने प्रोटेस्टंट असावा, हा तर्क त्याच्या नावावरूनच करतात, कारण तेव्हाचे फ्रेंच कॅथलिक हे नाव क्वचित ठेवत. इंग्रजीत सॅम्युअल जॉन्सन, ज्याचा कोश १७५५ मध्ये निघाला. अमेरिकेत तारायंत्रवाला सॅम्युअल मोर्स. मार्क ट्वेनचे खरे नाव सॅम्युअल क्लेमेन्स. होमिओपॅथीचे हानेमान यांचे पूर्ण नाव ख्रिस्तियान फ्रीडरिख सामुएल, आणि त्यांची १० एप्रिल ही जन्मतारीख आपल्याकडे दवाखान्यांतून साजरी होते. क्रिकेटवेड्या घरात सांगायला एक नाव राखून ठेवा: सॅम्युअल बेकेट. १९६९ चे साहित्याचे नोबेल, म्हणजे अग्नोननंतर तीनच वर्षांनी. साहित्याचे नोबेल मिळालेल्यांत प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेला हा एकटाच. डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्थहॅम्प्टनशरविरुद्ध दोन सामने, १९२५ आणि १९२६ मध्ये. हिमाचलात सफरचंदाच्या बागा रुजवणारे सॅम्युअल स्टोक्स हे अमेरिकन, पुढे ते सत्यानंद झाले.

‘सॅम’ दिसला की सॅम्युअलच, असे मात्र धरू नका. फील्ड मार्शल सॅम माणेकशॉ यांचा साम इराणी आहे. शाहनाम्यातल्या रुस्तुमचा आजोबा साम, त्या परंपरेतले हे पारशी नाव आहे. सॅम पित्रोदा मूळचे सत्यनारायण. सॅमसन, हिब्रूत शिमशोन, हा ‘शेमेश’ म्हणजे सूर्य या शब्दाशी नाते सांगणारा. ‘सॅम्युअल म्हणजे सूर्यपुत्र’ असे कुठे वाचले असेल, तर ते या दोघांची गल्लत केल्यामुळे.

आता लेखन. जन्माच्या दाखल्यावर आणि पुढच्या सगळ्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग नेहमीचेच ठेवा, हौसेने बदल करू नका. देवनागरीत सॅम्युअल, सॅम्युएल, सामुएल, शमुवेल अशी चार रूपे फिरतात. त्यातले एक निवडून दाखला, आधार आणि शाळा, तिन्हीकडे तेच लिहा. इंग्रजीत सॅम्युअल आणि मराठीत शमुवेल असे केले, तर प्रत्येक कारकून हा एकच माणूस आहे का, म्हणून विचारणार. माझे मत सॅम्युअल. शमुवेल हे रूप देखणे आहे, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने बायबलचे पुस्तक उभे राहते. सामाजी मात्र घरात हाक मारायला ठेवाच. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतर घालता येते: १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा स्पेलिंग ठरले नसेल तर घाईने चुकीचे नोंदवू नका. दुरुस्तीपेक्षा रिकामी जागा भरणे सोपे.

हिब्रू नाव सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी जाहीर होते. जन्माचा दिवस हाच पहिला दिवस. पण मूल सूर्यास्तानंतर जन्मले असेल, तर हिब्रू मोजणीने पुढचा दिवस लागलेला असतो. मंगळवारी दुपारी जन्म तर सुंता पुढच्या मंगळवारी, मंगळवारी रात्री जन्म तर पुढच्या बुधवारी. सूर्यास्त ते अंधार पडणे या मधल्या वेळेतला जन्म असेल तर मोहेलला, म्हणजे सुंता करणाऱ्याला, घड्याळातली नेमकी वेळ सांगा, तो ठरवेल. नाव ‘शमुएल बेन’ आणि पुढे वडिलांचे हिब्रू नाव असे जाईल. वडिलांचे कागदावरचे नाव डेव्हिड असेल तर इथे दावीद. कधीकधी वडिलांचे रोजचे नाव आणि सिनेगॉगमधले नाव अगदीच वेगळे असते. अशा वेळी त्यांच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे लेखी विवाहकरार, काढून पाहा, तिथे लिहिले असेल तेच वापरा. पुढे या मुलाच्या केतुब्यातही हीच अक्षरे लागणार आहेत. आजारपणात बरे वाटण्यासाठी प्रार्थना करतात तेव्हा मात्र वडिलांचे नाही, आईचे नाव घेतात. म्हणून त्याच कागदावर आईचे हिब्रू नावही आत्ताच लिहून ठेवा.